खिळ्यावरची माळ

१

माझी लॅब सकाळी साडेसातला उघडते. फैजपूरच्या बसस्टँडमागच्या गल्लीत खाली लॅब, वर घर, आणि मधे चौदा पायऱ्यांचा आतला जिना. शटर वर केलं की आधी फ्रीजचं तापमान लिहायचं, मग मशीनला कंट्रोल लावायचा. कंट्रोल म्हणजे ज्याचा आकडा आपल्याला आधीच माहीत आहे असा नमुना. मशीननं तोच आकडा दाखवला तर आजच्या दिवसापुरता तिच्यावर भरवसा ठेवायचा. अठरा वर्षं हेच करतेय, त्यामुळे माणसांच्या बाबतीतही मला तीच खोड लागली आहे. कोणी काही सांगितलं की मी आधी विचारते, कशावरून?

माझ्या सासूबाईंना, कुसुमलताबाईंना, हा प्रश्न अजिबात खपत नाही.

यंदा एप्रिलमध्ये माझ्या नवऱ्याला, अनुजला, कावीळ झाली. भुसावळला एका लग्नात बर्फ घातलेला उसाचा रस प्यायला होता. त्या पंगतीतले चौघं आजारी पडले, तिघं आठवड्यात उठून कामाला लागले. अनुज काही उठला नाही. सहा दिवस जळगावला ॲडमिट होता. मग डॉक्टर म्हणाले, घरात लॅब आहे तर घरी न्या, रोज बिलिरुबिन करा आणि मला कळवा. बिलिरुबिन म्हणजे रक्तातला पिवळेपणा, तो एकाच्या आसपास असावा लागतो. अनुजचा चौदाच्या वर होता. "अठरा ओलांडले किंवा ते असंबद्ध बोलायला लागले तर थांबायचं नाही मॅडम, सरळ मुंबई गाठायची," असं त्यांनी मला बाजूला घेऊन सांगितलं. लिव्हर गेलं की पुढे काय होतं ते मला समजावून सांगायची गरज नव्हती.

इकडे वर सासूबाईंचा वेगळाच दवाखाना सुरू होता. घरातली हळद बंद. पिवळी साडी कपाटात. सकाळी अनुजच्या तळहाताला आंब्याच्या सालीचा रस चोळायचा आणि चुन्याच्या पाण्यात हात धुवायचे. पाणी पिवळं झालं की परात मला दाखवायच्या, "बघ, उतरतेय." त्या रसाला चुना लागला की तो पिवळा होतोच, माझे हात धुतले तरी होईल. हे मी दोनदा सांगितलं आणि सोडून दिलं.

मग माळ आली. सातपुड्याच्या पायथ्याच्या एका गावातल्या दगडीबाईकडून सासूबाईंनी ती आणवली. कसल्याशा वेलीच्या बोट-बोटभर ओल्या काड्या, दोऱ्यानं एकीला एक बांधलेल्या, एकवीस गाठी. पहिल्या दिवशी ती डोक्यावर मुकुटासारखी घट्ट बसते. मग रोज थोडी थोडी लांबते, गळ्यात येते, कमरेवर येते, आणि शेवटी पायातून निघते. पायातून निघाली की कावीळ गेली. काड्या वाळून बारीक होतात, गाठी सैल पडतात, म्हणून माळ लांबते. यात चमत्कार कुठे आहे ते मला कोणी दाखवावं.

तीन दिवसांत माळ अनुजच्या कपाळावरून गळ्यात आली. त्याच तीन दिवसांत त्याचा आकडा चौदा पॉइंट सहावरून अठरा पॉइंट दोनवर गेला.

"मम्मीजी, मी गाडी सांगतेय. उद्या मुंबईला न्यायचं."

"माळ अंगावर असताना नदी ओलांडायची नसते," सासूबाई म्हणाल्या. "तापी ओलांडली की उतरलेलं परत चढतं. आधी पायातून निघू दे."

"तोवर हे राहतील का?"

"असं अभद्र बोलू नकोस. माळ उतरतेय ना?"

मी अनुजकडे पाहिलं. डोळ्यांत पांढरं राहिलंच नव्हतं. तो भिंतीकडे तोंड करून म्हणाला, "दोन दिवस बघू ना हिना. आईचं मन राहील." माझं डोकं फिरलं. आईचं मन राहील, आणि मी काय इथे नुसती रक्त काढायला आहे?

२

दुसऱ्या दिवशी सकाळीच मी स्कूटर काढली. म्हटलं, यांना यांच्याच माळेनं गप्प करायचं. दगडीबाईकडून दुसरी माळ आणायची, खिळ्याला टांगायची, आणि तीही लांबली की सासूबाईंना खाली बोलावून दाखवायचं. खिळ्याला काही कावीळ होत नाही. एवढं डोळ्यांनी पाहिलं की त्या अनुजच्या गळ्यातली माळ काढतील आणि मी त्याला संध्याकाळच्या आत मुंबईच्या रस्त्याला लावेन. माझ्या दृष्टीनं तो साधा कंट्रोल होता.

केळीच्या बागा संपल्या आणि डोंगर समोर आला. दगडीबाई ओट्यावर तांदूळ निवडत बसली होती. माझ्या डोक्यात कोणी जटावाली भगतीण होती. ही चष्मा लावलेली, कमरेला मोबाइल खोचलेली, बागेत मजुरीला जाणारी साधी बाई निघाली. काड्या तिनं ओल्या फडक्यात गुंडाळून ठेवल्या होत्या.

"कोनले शे कावीळ?"

"आमच्या ओळखीतल्या मुलीला."

"तिनं नाव सांग. माळ नावनी ऱ्हास. एक गाठ, एक डाव नाव."

मी वाटेतच ठरवलं होतं, पुनम सांगायचं, वय तीस. तिनं पहिली काडी उचलली, दोरा दातात धरला आणि माझ्याकडे पाहिलं.

"रोहिणी," मी म्हणाले.

"वय?"

"नऊ."

तोंडातून निघून गेलं. का गेलं ते मला त्या क्षणी कळलं नाही, म्हणजे कळलं, पण मी कळून घेतलं नाही. नऊ वर्षांपूर्वी सातव्या महिन्यात माझी मुलगी पोटातच गेली. जळगावच्या दवाखान्यात, पहाटे. नर्सनं एकदा दाखवली आणि कपड्यात गुंडाळून अनुजच्या हातात दिली. बायकांनी जायचं नसतं म्हणून मला नेलं नाही. कुठे ठेवली ते मी आजवर विचारलेलं नाही. तिचं नाव मी पोटात असतानाच ठरवलं होतं आणि ते कोणालाच सांगितलं नव्हतं, अनुजलासुद्धा नाही.

दगडीबाई एकेका गाठीला पुटपुटत होती, रोहिणी, रोहिणी. एकवीस वेळा मी ते दुसऱ्याच्या तोंडून ऐकलं. तिथून उठून जावंसं वाटत होतं, पण उठले नाही.

माळ देताना ती म्हणाली, "भुईले लागाले नको. पायमाईन निंघनी की हातमा झेलानी, नदीमा सोडानी. भुईले लागनी ते माणूस हातनं गया."

भुईला लागली तर माणूस हातचं गेलं, म्हणे. मी मान हलवली. अशा बायका काहीतरी अट घालतातच, म्हणजे जमलं नाही तर दोष आपला.

३

सॅम्पल घ्यायच्या खुर्चीशेजारी कॅलेंडरचा खिळा होता. कॅलेंडर काढलं, माळ टांगली, तिच्या खालच्या टोकाशी भिंतीवर पेन्सिलनं रेघ मारली.

दुसऱ्या दिवशी सकाळी माळ रेघेच्या चार बोटं खाली होती. मला इतका आनंद झाला की मशीन लावायच्या आधी मी मोबाइलवर फोटो काढला. मग अनुजचं रक्त लावलं. पंधरा पॉइंट एक.

मी पुन्हा लावलं. पंधरा पॉइंट एक. जळगावच्या डॉक्टरांना कळवलं, तेही म्हणाले, एकदा परत करून बघा. तिसऱ्यांदाही तेच आलं. अठरावरून एका दिवसात तीनानं उतार. माझा जीव भांड्यात पडला आणि त्याच वेळी रागही आला, कारण आता सासूबाई काय म्हणणार ते मला पाठ होतं.

मी फोटो घेऊन वर गेले. "मम्मीजी, ही माळ मी खिळ्याला टांगली होती. हीपण लांबली. आता सांगा, खिळ्याला काय झालं होतं?"

त्यांनी चष्मा चढवून फोटो पाहिला. बराच वेळ पाहिला.

"खिळ्याला म्हणतेस. पण ही अशी का आहे?"

"अशी म्हणजे?"

"लोंबत नाहीये ही."

मी फोन हातात घेतला. खिळ्याला टांगलेली माळ खाली लोंबते, तिच्या दोन्ही बाजू जवळ येतात, कोणतीही घ्या. ही उघडी होती. गोल. मागची बाजू भिंतीला टेकलेली आणि पुढची बाजू वीतभर पुढे, आडवी, कोणाच्या तरी कपाळाभोवती बसावी तशी.

"वाळलेल्या काड्या ताठ होतात, वाकल्या तशाच राहतात," मी म्हणाले. माझं मलाच ते बरोबर वाटलं. तरी त्या दिवशी मी खुर्ची ओढून दुसऱ्या भिंतीला नेली. पेशंटला वारा लागत नव्हता म्हणून.

मुंबईचं पुढे ढकललं. आकडा उतरत असताना कोणता डॉक्टर हलवा म्हणेल?

४

तिसऱ्या दिवशी अनुजचं बिलिरुबिन अकरा पॉइंट चार आलं. ते रजिस्टरला लिहून मी पुढची ट्यूब घेतली. सकाळचे सहा पेशंट होते, स्टँडमध्ये ट्यूबा सात होत्या.

सातवीवर लेबल होतं. रोहिणी, ९ वर्षे.

अक्षर माझं होतं. माझ्या 'ण'चा वाकडा पाय आईसुद्धा ओळखते. मी ट्यूब हातात धरली आणि ती कोमट होती. नुकतं काढलेलं रक्त कोमट असतं. मी मात्र गेल्या तासाभरात कोणा मुलीचं रक्त काढलेलं नव्हतं.

आता माणसाचं डोकं कसं चालतं बघा. मी किंचाळले नाही, पळाले नाही. मी खुर्चीत बसले आणि हिशेबानं विचार केला. तीन आठवडे धड झोप नाही. बाहेर चव्वेचाळीस डिग्री. ते नाव परवा एकवीस वेळा कानावर पडलं आहे. एखाद्या पेशंटच्या ट्यूबवर मी भलतंच नाव लिहून बसले असणार. अशा चुका होतात, म्हणून तर दोनदा तपासायचं असतं. मी सहाही पेशंटच्या ट्यूबा रजिस्टरशी ताडून पाहिल्या. सगळ्या जागेवर होत्या.

मग मी कचऱ्याच्या बादलीत पाहिलं. सुई टोचून झाली की मी कापसाचा बोळा देते. मोठ्यांना पूर्ण, लहान मुलांना अर्धा, कारण त्यांच्या हातात मावत नाही. त्या सकाळी माझ्याकडे एकही लहान मूल आलं नव्हतं. बादलीत सहा पूर्ण बोळे होते आणि सगळ्यात वर एक अर्धा. त्यावर रक्ताचा एक थेंब, लाल, ओला.

रक्त आणि पाणी वेगळं व्हावं म्हणून मी ट्यूब यंत्रात गरागरा फिरवून घेतली. वर सुटलेलं पाणी पिवळं होतं. मशीनला लावलं तर सहा पॉइंट आठ आलं.

मी ट्यूब फेकून दिली, हात दोनदा धुतले आणि कोणालाही सांगितलं नाही. सांगणार तरी काय? आणि कोणाला, सासूबाईंना? भिंतीकडे मी मुद्दाम पाहत नव्हते. संध्याकाळी पाहिलं तेव्हा माळ खिळ्यापासून सुटून बरीच खाली आली होती. खिळा मोकळा होता. माळ कशावर अडकली आहे ते दिसत नव्हतं, पण ती पडत नव्हती.

५

चौथ्या दिवशी अनुज सात पॉइंट नऊ. स्टँडमध्ये पुन्हा सातवी ट्यूब. दहा पॉइंट तीन.

मी आकडे कागदावर एकाखाली एक मांडले. अकरा चार आणि सहा आठ. सात नऊ आणि दहा तीन. दोन्ही बेरजा अठरा पॉइंट दोन. मी दुसरी माळ आणली त्याआधी अनुजचा जो शेवटचा आकडा होता तोच. ज्या आजारानं अनुजचं अंग सोडलं होतं तो काही नाहीसा झाला नव्हता. दशांशाचासुद्धा फरक न पडता खाली जिन्यावरून उतरून आला होता.

हा कागद अजून माझ्याकडे आहे. कोणी म्हणालं तुला भास झाले, तर मी म्हणते, बेरीज करून बघा.

पाचव्या दिवशी सकाळी अनुजचा आकडा एक पॉइंट एक निघाला. वर सासूबाईंनी त्याच्या पायातून माळ काढली, हातात झेलली, आणि शेजारच्या कुंदनभाऊंच्या गाडीत बसून तापीवर सोडायला निघाल्या. जाताना मला म्हणाल्या, "आता तरी मानशील?" त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं. एरवी मी काहीतरी बोलले असते. पण खाली स्टँडमध्ये सातवी ट्यूब मी नुकतीच मशीनला लावून आले होते. सतरा पॉइंट एक.

नऊ वर्षांच्या मुलीला सतरा. मी लॅब बंद करून स्कूटर काढली.

दगडीबाई बागेतून नुकतीच आली होती, पाय धूत होती. मी धापा टाकत तिला सगळं सांगितलं. खोटं नाव, खिळा, ट्यूब, बेरीज. ती ऐकत राहिली आणि पाणी तिच्या पायावरून वाहत राहिलं.

"पोर कोठे शे?" तिनं विचारलं.

"नाहीये अक्का. ती कधी जगलीच नाही. मी उगाच नाव सांगितलं."

"उगाच?" ती माझ्याकडे बघत राहिली. "नसती ते गाठ नही बसती. मना हातमा एकवीस गाठी बसन्यात. पोर शे."

मी तिच्या ओट्यावर बसले.

"मी माळ आत्ता जाऊन काढते. नदीत टाकते."

"अर्धामा काढू नको. काढशी ते ज्यानं त्याले परत जाई."

"ज्याचं त्याला म्हणजे परत अनुजला. मग मी करू काय?"

"जे माय करस ते कर. तिनाजोडे बस. माळ पायमाईन निंघनी की हातमा झेल. भुईले लागू दिऊ नको. बस, इतलंच." मग ती आत गेली, आणि आतूनच म्हणाली, "जाय आते. ती एकली शे तठे."

ती एकटी आहे तिथं. स्कूटर चालवताना हेच एक वाक्य माझ्या डोक्यात होतं.

६

दुपारी दीडला मी शटर अर्धं वर करून आत शिरले. लाइट गेली होती, पंखा बंद. माळ कमरेच्या उंचीला होती. माझ्या नाही, लहान मुलीच्या. आणि ती हलत होती. जरा वर, जरा खाली. जरा वर, जरा खाली. ताप आलेलं मूल झोपेत श्वास घेतं त्या लयीत.

मी स्टूल ओढलं, तिच्यासमोर बसले आणि दोन्ही हात माळेखाली धरले.

किती वेळ बसले सांगता येत नाही. गल्लीत चिटपाखरू नव्हतं. घाम डोळ्यांत जात होता, पण हात काढून पुसायची हिंमत नव्हती. माळ हळूहळू खाली येत होती. मांड्या, मग गुडघे. माझ्या मनगटांच्या आतल्या बाजूला ऊब लागत होती, तापलेल्या अंगाची लागते तशी. मी मनात म्हणत होते, हिना, तू पॅथॉलॉजीवाली बाई, भरदुपारी भिंतीसमोर हात पसरून बसलीस, कोणी पाहिलं तर लॅबला कुलूप लागेल. आणि तरी मी हात काढत नव्हते.

माळ गुडघ्यांखाली आली आणि माझ्या उजव्या खांद्यावर वजन आलं.

लहान मूल कपडे बदलताना एक पाय उचलतं आणि तोल जाऊ नये म्हणून आईच्या खांद्याला धरतं. तितकंच वजन. पाच बोटं मला वेगवेगळी कळत होती. बोटं गरम होती.

मी खांद्याकडे पाहिलं नाही. मान वळवली असती तर काय दिसलं असतं, हा विचार मी आजही रोज करते. तेव्हा मी फक्त थिजले होते.

आणि फोन वाजला. ॲप्रनच्या खिशात. वाजत राहिला, थांबला, पुन्हा वाजला. मी एक हात तसाच ठेवून दुसऱ्यानं फोन काढला.

"हिना, कुठे आहेस?" अनुज होता. आवाज अगदी त्याचा जुना आवाज. "अगं मला भूक लागलीय. खरंच भूक लागलीय. आई नदीवरून आली नाही अजून. भात टाकतेस का?"

तीन आठवडे ज्या माणसाच्या घशाखाली चमचाभर पेज उतरत नव्हती तो भात मागत होता. आणि मी काय करत होते? खिळ्यावरच्या माळेसाठी, जी कोणाच्या अंगावर नाही, माझ्या जिवंत नवऱ्याला उपाशी ठेवत होते. अठरा वर्षांची माझी अक्कल त्या क्षणी धावून आली. हात अवघडलाय म्हणून खांदा जड वाटतोय, ती म्हणाली. उपाशीपोटी उन्हातून आलीस, ती म्हणाली. माळ अजून गुडघ्याखाली आहे, पायाला पोचायला तास लागेल, पाच मिनिटांत येशील.

खरं सांगू? मी घाबरले होते. मला तिथून उठायला कारण हवं होतं, ते मिळालं.

मी उठले तेव्हा खांद्यावरची बोटं लगेच सुटली नाहीत. ॲप्रन जरा ओढला गेला, मग सुटला.

वर मी मुगाची डाळ आणि तांदूळ कुकरला लावले. अनुज दोन वाट्या जेवला. मला म्हणाला, बस ना जरा, किती दिवसांत बसली नाहीस. माझा हात हातात घेतला आणि तसाच झोपी गेला. मी हात सोडवून घेणारच होते. त्याच्या चेहऱ्यावरचा पिवळेपणा गेला होता आणि मी तो चेहरा नुसता बघत होते.

खालून आवाज आला. मोठा नव्हता. वाळक्या काड्या फरशीवर पडल्यावर होतो तेवढाच.

७

माळ फरशीवर पडली होती. मी उचलली तेव्हा ती लांब नव्हती. पहिल्या दिवशी होती तितकीच, डोक्यावर बसेल एवढी, एकवीस गाठी, घट्ट. काड्या हिरव्या होत्या. मी ती ओंजळीत घेऊन त्या फरशीवर बसले आणि तिला हाक मारली, पहिल्यांदाच, मोठ्यानं. सासूबाई नदीवरून आल्या तेव्हा मी तिथेच होते. त्यांना वाटलं, नवरा वाचला म्हणून बाई रडतेय. त्यांनी मला जवळ घेतलं.

दुसऱ्या दिवशी स्टँडमध्ये सहा पेशंट आणि सहाच ट्यूबा होत्या. अनुजचा आकडा शून्य पॉइंट नऊ. जळगावचे डॉक्टर फोनवर म्हणाले, इतक्या लवकर असं होताना मी तरी पाहिलेलं नाही. मी हो म्हणाले.

आठ दिवसांनी घरात पुन्हा हळद आली. सासूबाईंनी पिवळी साडी नेसली, कढी केली, आणि आम्ही तिघं दिवस मावळायच्या आत जेवायला बसलो. अनुजनं दुसऱ्यांदा कढी घेतली आणि सहज विचारल्यासारखं विचारलं, "हिना, ती मुलगी आता येत नाही का?"

"कोण मुलगी?"

"अगं लॅबमधली. मी आजारी होतो तेव्हा दुपारची वर यायची. जिना मोजत यायची, चौदा म्हणाली की दारात. मला वाटलं पेशंटची कोणाची असेल, आई खाली रिपोर्टला थांबली असेल."

सासूबाईंनी माझ्याकडे पाहिलं.

"पायाशी बसायची," अनुज म्हणाला. "विचारायची, खूप आहे का? मी म्हणायचो, आहे. मग म्हणायची, थोडं मला द्या." तो हसला. "गोड होती. पण शेवटी शेवटी तिचेच डोळे फार पिवळे दिसत होते. मी म्हटलं, बेटा, तुझ्याजवळ कोण आहे? तर म्हणाली, खाली आई आहे ना. आई आज माझी माळ काढणार आहे."

त्यानं वाटी खाली ठेवली आणि माझ्याकडे पाहिलं.

"काढली का गं तिच्या आईनं?"